जोमाशेठच्या गाडीतले बदल

स्वतः मचूळ पाण्यानं आंघोळ करायची आणि मोटारीला मात्र गोड्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बरं, गोडं पाणी दारात वाहत असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण जोमाशेठ घरतांचं घर पनवेल आणि उरणच्या मधे, खाडीकाठी, त्यांच्या मिठागराच्या बांधावर. गाव तिथून चांगलं अर्ध्या मैलावर. प्यायचं पाणी बैलगाडीवर पिंप चढवून लांबून यायचं. त्यातलं निम्मं गाडीच्या अंगावर जायचं आणि उरलेल्यात या माणसाचा चहा, भात आणि पिणं. स्वतः खाऱ्या विहिरीवर उभा राहून दोन बादल्या डोक्यावर उपड्या करायचा, आणि अंग वाळल्यावर हातापायांवर मिठाचे पांढरे ओघळ घेऊन वर मलाच विचारायचा, "तुमीच सांगा एजंटभाऊ, गंज मना चरल का तिला?"

मी वही उघडून कामाला लागायचो.

मी पनवेलचा विमा एजंट. आग, चोरी, अपघात, मोटार, सगळे विमे. पनवेलात तेव्हा मोटारी असून असणार किती! दोन डॉक्टर, एक भातगिरणीवाला, काही टॅक्सीवाले आणि लॉऱ्या. सगळी सरळ माणसं. गाडी घ्यायची, ती मरेपर्यंत जशीच्या तशी चालवायची, मुदत संपत आली की मी टपालानं कागद पाठवायचा, त्यांनी सही करून टपालानंच परत करायचा. झालं काम! विम्याचा धंदा असाच असावा. पण आमच्या कंपनीच्या छापील अटींत सातवी अट अशी होती, की विमेदारानं गाडीत कोणताही बदल केला तर तो लेखी कळवावा, आणि एजंटानं समक्ष जाऊन पाहणी करून अहवाल द्यावा. अटी इंग्रजीत होत्या. त्या मराठीत मोठ्यानं वाचून दाखवण्याचा शहाणपणा मी केला, हीच माझी घोडचूक. सबंध कुलाबा जिल्ह्यात सातवी अट एकाच माणसानं लक्ष देऊन ऐकली, आणि नुसती ऐकली नाही तर अकरा वर्षं पाळली. डोंबलाचा प्रामाणिकपणा!

गाडी विलायती, दोन माणसांची, लढाईच्या आधीची. लांबलचक नाक, त्यावर चामड्याचा पट्टा आवळलेला, तारांची चाकं, कापडी टप. शर्यतीची जात. एक गोरा साहेब स्वातंत्र्याच्या सुमारास मायदेशी परतताना विकून गेला, आणि ती घ्यावी कुणी? तर मीठ पिकवणाऱ्या माणसानं! मीठ आणि लोखंड यांचं वैर शाळेतल्या मुलालासुद्धा ठाऊक असतं. मी तसं तोंडावर सांगितलंही. जोमाशेठ म्हणाले, "तिला इचारलात काय? तिला हितं बरा वाटतंय." हे त्यांचं ठरलेलं. कशाचाही जाब विचारा, "तिला इचारा." गारीला इचारा. त्यांच्या बोलण्यात गाडीची गारी व्हायची आणि विम्याचा इमा. आणि मला वाटायचं थट्टा करतायत, तर हा माणूस खरोखर बॉनेटला कान लावून उभा राहायचा.

पहिला विमा काढला तो दिवस आठवला की अजून माझी कानशिलं तापतात. मी निरोप पाठवला होता, 'बुधवारी गाडीचा विमा उतरवायला येतो.' सायकल हाणत गेलो तर अंगणात ही गर्दी! सारवलेल्या जागेत गाडी उगवतीकडे तोंड करून उभी, बॉनेटवर हळदकुंकू, आणि जोमाशेठची बायको हातात सूप घेऊन वाट बघतेय. सुपात मूठभर मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या. शेजारी शेगडीत निखारे. मला वाटलं, यांचा काही कुळाचार असेल, आपण आपले सावलीत थांबू. तर बाईंनी सूप माझ्याच पुढे धरलं.

"घ्या. उतरवा."

"काय उतरवा?"

"इमा. नजर मी उतरवतेच रोज. पन ह्यो इमा मुंबयचा हाय बोलतान, त्याला शिकलेला मानूस लागतंय."

मी घसा फोडून सांगितलं, की बाई, विमा कागदावर उतरतो, मिरच्यांनी नाही. पण उतरवायला येतो असा निरोप माझाच होता आणि आता पुढाऱ्यासारखे मागे काय हटता, असा सगळ्या अंगणाचा चेहरा. जोमाशेठ शांतपणे म्हणाले, "कागदाव सही मी करतंय. आदी उतरवा. मीठ आमचा, हात तुमचा."

शेवटी काय करता! इस्त्रीचा बुशकोट घातलेला, मॅट्रिक झालेला मी, त्या मोटारीभोवती मूठ ओवाळत तीन फेऱ्या फिरलो आणि मीठमोहऱ्या निखाऱ्यांवर टाकल्या. असा तडतडाट झाला की अंगणातल्या कोंबड्या बांधावरून पळत सुटल्या. बाई समाधानानं म्हणाल्या, "नजर जबरी व्हती." मग सही झाली. ही गोष्ट मी आमच्या मुख्य कचेरीला कधीच कळवली नाही.

त्या बाई नवऱ्याशी कडाकडा भांडायच्या, हे त्या पहिल्या वर्षात मी दोन-तीनदा ऐकलं. पिंपातलं पाणी गाडीवर ओतलं म्हणून भांडण, गाडीचं तेल पुसायला तिचं लुगडं फाडलं म्हणून भांडण. बांधाच्या टोकाला सायकलवरून उतरलो की मला आवाज यायचा. दुसऱ्या पावसाळ्यात त्या तापानं गेल्या. मूलबाळ नव्हतं. मला आठ दिवसांनी कळलं. बांधावर चिखल होता, सायकल जात नव्हती, म्हणून मी पत्र टाकलं.

आणि त्यानंतर दिवाळी होते न होते तोच बदलांना ऊत आला!

पहिलं कार्ड आलं, 'गारीत बदल केला हाय. काब्रेटर दुसरा बसवला. येवून बगावा.' कागदावरसुद्धा गारीच. गेलो. बघितला. दोन महिन्यांनी दुसरं कार्ड, सायलेन्सर बदलला. मग पाट्याच्या स्प्रिंगा बदलल्या. मग हॉर्न. मग पंखा. मग पुन्हा काब्रेटर, कारण आधीच्यानं म्हणे तिला घाटात दम लागत होता. वर्षातून पाच-पाच, सहा-सहा खेपा! पावसाळ्यात तर विचारू नका. मिठागरं बंद, खाडीचं पाणी बांधाला लागलेलं, आणि मी सायकल खांद्यावर घेऊन घोटाभर चिखलातून चाललोय, कशासाठी, तर एका माणसाच्या मोटारीचा भोंगा पोंऽ वाजतो की पीं वाजतो हे बघायला! बायको म्हणायची, "अहो, त्यांना सांगत का नाही, की एकदाच काय ते बदला." सांगितलं नसेल? पन्नास वेळा सांगितलं. उत्तर ठरलेलं. "तिला इचारा."

मी मात्र कामात चोख. मोटारीच्या मोठ्या भागांवर कारखान्याचा नंबर ठोकलेला असतो. तो मी भिंग लावून वाचायचो आणि अहवालात उतरवून घ्यायचो. काब्रेटर नंबर अमुक, हॉर्न नंबर तमुक. असे अहवाल जिल्ह्यात कुणी देत नसे, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पाहणी अर्ध्या तासाची. पण तिथून सुटका होईल तर शपथ! वही मिटली की जोमाशेठ म्हणायचे, "जेवन झालाय." झालेलंच असायचं. स्वतःच्या हातानं रांधलेलं. जिताड्याचं कालवण, तळलेली कोलंबी, तांदळाच्या भाकऱ्या. मी चिडून म्हणायचो, हे नियमात बसत नाही, एजंटानं विमेदाराकडे जेवू नये. ते माझ्या पानात मधला तुकडा वाढायचे. वर गाडीचं पुराण. कुठला नट कुठं घसरला, कुठल्या वळणावर ती काय म्हणाली. मी प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायचो. सायलेन्सर असा बसवला तर सगळं पनवेल जागं होईल, ब्रेकचं काय, अपघात झाला तर निस्तरणार कोण? माझा आवाज चढायचा. ते मान हलवत ऐकायचे आणि अजून भात वाढायचे. बरं, लाच म्हणावी तर तीही नाही. अहवालात मी काय लिहिलं, हे या माणसानं एकदासुद्धा विचारलं नाही.

एकदा त्यांनी मला पळस्प्याला बोलावलं. गोव्याचा रस्ता जिथं फुटतो तिथल्या चहाच्या दुकानापाशी रविवारी सकाळी मुंबईची हौशी मंडळी थांबायची. त्यांच्याही असल्याच जुन्या, वेगाच्या गाड्या. इथं चहा प्यायचा, बॉनेट उघडून एकमेकांना इंजिनं दाखवायची आणि मग खंडाळ्याचा घाट कोण आधी चढतो ते बघायचं. जोमाशेठ आपली गाडी धुऊनपुसून तिथं नेऊन उभी करायचे आणि जरा बाजूला, धोतराचा सोगा हातात धरून ऐकत राहायचे. त्या दिवशी मीही ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकानं इंजिनाचं हेड घासून ताकद वाढवली होती, दुसऱ्यानं जुळे काब्रेटर बसवले होते, तिसऱ्यानं तर इंजिनच भलत्या गाडीचं घातलं होतं. मी विचारलं, "विमा कंपनीला कळवलंत?"

सगळे हसायला लागले. गॉगल लावलेला एक जण म्हणाला, "कंपनीला कळवायचं असतं होय? कळवलं की ती हप्ता वाढवते नाहीतर नाही म्हणते. गप्प बसायचं!"

भर रस्त्यात, विमा एजंटाच्या तोंडावर! म्हणजे उद्या घाटात कुणाच्या अंगावर गाडी गेली तर याचा विमा रद्द, आणि त्या मेलेल्या माणसाच्या पोराबाळांनी काय करायचं? मी बोललो, चांगलं खडसावून बोललो. ते आणखी हसले. तेवढ्यात जोमाशेठ पुढे झाले.

"मी सगला कलवतंय," ते म्हणाले. "एक हॉर्न बदलला तरी कलवतंय. एजंटभाऊ सोता येतान बगायला."

"फक्त हॉर्नसाठी?" गॉगलवाला म्हणाला, आणि त्यांच्यातल्यांत इंग्रजीत काही बोलून सगळे पुन्हा हसले. कुणी एकानं ही गाडी विकणार का म्हणून विचारलं. जोमाशेठनी मान हलवली, की नाही. मग त्यांच्याशी बोलायचं कुणाचं काही उरलं नाही. गाड्या धुरळा उडवत घाटाकडे गेल्या आणि आम्ही दोघं चहा प्यायलो. मला वाटलं, माणूस तऱ्हेवाईक आहे, पण सरळ आहे. अभिमान वाटला म्हणालात तरी चालेल.

असं असताना मुंबईच्या मुख्य कचेरीला जाग आली. अकरा वर्षांत जोमाशेठची फाईल इतकी फुगली होती, की ती बांधायला सुतळी पुरेना. वरच्या साहेबाचं पत्र आलं, 'सदर वाहनात मूळ वाहनापैकी काय शिल्लक आहे, याचा खुलासा व्हावा.' सोबत दांडेकर नावाचे सर्व्हेअर येत असल्याचं कळवलं होतं. त्यांचा शेरा वाईट आला तर विमा संपणार होता, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हा कायदा आहे. मुदत संपायला उरले होते नऊ दिवस. मी हे जोमाशेठना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "तो मानूस तुमच्या संगती येनार ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

दांडेकर म्हणजे बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. आल्या आल्या कोट काढला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली गेले ते दोन तास बाहेर आले नाहीत. जोमाशेठ गाडीशेजारी उकिडवे बसून होते, मी चकरा मारत होतो. मग दांडेकरांनी शेड पाहिली. तिथं फळीवर काही सुटे भाग तेल लावून, फडक्यांत गुंडाळून ठेवलेले होते. एकेक फडकं सोडून त्यांनी बघितलं. मग माझ्याकडची अहवालांची फाईल मागितली आणि बांधावर बसून, लाल पेन्सिल हातात घेऊन पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी मनात म्हटलं, वाचा. असे अहवाल तुमच्या बापजन्मात वाचले नसतील.

तासाभरानं त्यांनी मला हाक मारली.

"हा तुमचा पहिल्या वर्षाचा काब्रेटर. नंबर वाचा."

मी वाचला.

"आता दुसऱ्या वर्षी बसवलेला वाचा."

तो निराळा होता.

"आता पाचव्या वर्षीचा."

मी वाचायला लागलो आणि मधेच थांबलो. तो पहिल्या वर्षीचाच नंबर होता.

"सातव्या वर्षी पुन्हा दुसऱ्याचा," दांडेकर म्हणाले. "नवव्या वर्षी पुन्हा पहिला. दोन काब्रेटर, दोन सायलेन्सर, दोन हॉर्न, पाट्यांचे दोन जोड. हे काढायचं, ते घालायचं. पुढच्या खेपेला ते काढायचं, हे घालायचं. अकरा वर्षांत ही गाडी काडीचीही बदललेली नाही."

"म्हणजे यांनी खोटं—"

"छे! खोटं एक अक्षर नाही. बदल केला म्हणून कळवलं, केलेला होता. तुम्ही पाहिलात, नंबर लिहिलात, सही केलीत. फक्त मागचं पान कधी उलटून बघितलं नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिखल तुडवत गेलेल्या त्या साऱ्या खेपा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. आणि गाडीशेजारी बसलेला हा बाबा हसत नव्हता की काही नाही, नुसता तिच्याखाली तेल गळायला ठेवलेलं भांडं सरकवत होता.

दांडेकरांचा शेरा मात्र चांगला होता. गाडी उत्तम राखली आहे, विमा पुढे चालू ठेवायला हरकत नाही. एकच अट. गाडी आज आहे तशीच राहील, यापुढे कोणताही बदल नाही. केला तर विमा रद्द. आणि बदल नाही म्हणजे पाहणीही नाही, दरवर्षी कागद टपालानं. त्यांनी शेरा लिहून माझ्या हातात दिला, खाली विमेदाराची सही घ्यायला सांगितली आणि टॅक्सीनं निघून गेले. मी राहिलो. मला या माणसाशी बोलायचं होतं.

"जोमाशेठ, सही करा इथं."

त्यांनी कागद हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. "म्हंजे तुमी येनार नाय?"

"कशाला येऊ? टपालानं होईल सगळं. सुटलात तुम्हीही आणि सुटलो मीही!"

"मना नको तो टपालाचा इमा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा समजावून सांगितलं. चार दिवसांनी मुदत संपते. सही नाही तर विमा नाही, विमा नाही तर गाडी शेडमधून बाहेर काढता यायची नाही. चाकं खाली बसतील, गंज चढेल, खारा वारा तिला खाऊन टाकील.

"चरू दे गंज," जोमाशेठ म्हणाले.

हे जोमाशेठ म्हणाले! ज्यांनी स्वतः तहानलेलं राहून त्या गाडीला पाणी पाजलं, ते! मग मात्र माझा तोल सुटला. मी नाही नाही ते बोललो. मला उल्लू बनवलंत, म्हणालो. अकरा वर्षं मूर्खासारखा तुमचे हॉर्न मोजत राहिलो, मुंबईच्या माणसासमोर माझी शोभा झाली, कसला सूड उगवलात तो तरी सांगा. मी त्यांचं काय घोडं मारलं होतं?

ते माझ्याकडे न बघता गाडीकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "टपालवाला बसंल काय माज्या घरी जेवाला?"

मला पटकन अर्थ लागला नाही.

"पावसालीन हितं कोन नस्तंय," ते म्हणाले. "मिठागर बंद. मानसा आपापल्या गावान. चार चार दिस माजा तोंड उघरत नाय. गावान गेला तर मिठाचा बोलतान, मजुरीचा बोलतान, न् उठून जातान. तुमी दिसभर बसता. तुमी रागावता, वरडता. ता मना बरा वाटतंय, एजंटभाऊ. घरान कोनीतरी भांडतंय असा वाटतंय."

मी आयुष्यभर चिडलो आहे. चिडणं हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची लाज नाही. पण त्या वेळी मला चिडता येईना. मला एवढंच दिसत होतं, की अकरा वर्षांत या घरात मी एकदाही कामाशिवाय आलो नव्हतो. त्यांची बायको गेली तेव्हा मी चिखलाचं निमित्त सांगून पत्र टाकलं. आणि हॉर्न बदलला म्हणून कार्ड आलं, की त्याच चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन यायचो, कारण ते सातव्या अटीत होतं. मला माझीच शिसारी आली.

"सही करा," मी म्हणालो. "मी रविवारी येतो."

"कशाला? बदल तर करायचा नाय."

"जेवायला येतो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही विमा कंपनीच्या माणसावर किती विश्वास ठेवायचा असतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण सही केली.

रविवारी मी सायकल काढली तशी बायकोनं विचारलं, "आता काय बदललंय त्यांनी?"

"काही नाही."

"मग?"

"जेवायला बोलावलंय," मी म्हणालो. खरं म्हणजे मीच स्वतःला बोलावलं होतं.

जोमाशेठ बांधावर उभे होते. माझ्या हातात पिशवी नाही, वही नाही, हे बघून घाबरलेच. "काय झाला? सही चुकली काय माजी?"

"सही बरोबर आहे. भूक लागलीय."

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस खरंच आला आहे. आणि घरात तर काही नव्हतं. त्यांना मी येईन असं वाटलंच नव्हतं, तर मासळी आणणार कुठून! चूल थंड, परातीत सकाळचा भात. इतका गडबडलेला माणूस मी पाहिला नाही. डबे उघडले, झाकले, मिशीवरून हात फिरवला. मी म्हणालो, भात आहे, आंबट काहीतरी करा, चालेल. ते ऐकायला तयार नाहीत.

"चला उरनला. बंदराव ताजी मासली येते. बसा गारीत."

अकरा वर्षं मी ती गाडी मोजली, तिच्याखाली वाकलो, तिचे नंबर लिहिले. पण तिच्यात बसलो तो त्या दिवशी पहिल्यांदा. बूड जमिनीला लागतंय की काय असं वाटत होतं. जोमाशेठनी गाडी सुरू केली, ती अशी गुरगुरली की माझे दात वाजले. मी दोन्ही हातांनी दार पकडून डोळे मिटून घेतले. घाटात शर्यती लावणाऱ्या गाड्यांच्या जातीची ही गाडी, आज आपली काही धडगत नाही!

थोड्या वेळानं डोळे उघडले तर आम्ही जेमतेम चालत होतो. रस्त्याच्या कडेनं टोपली घेऊन जाणारी एक कोळीण आमच्याबरोबरीनं चालली होती आणि गाडीत डोकावून बघत होती. मागून एक छकडा आला. त्याच्या गाडीवानानं बैलांना हाक घातली आणि तो आम्हाला ओलांडून पुढे गेला.

"अहो जोमाशेठ!" मी ओरडलो. "शर्यतीची गाडी ना ही? बैल पुढे गेले! अकरा वर्षं मी या काब्रेटरवर पानंच्या पानं लिहिली, ती काय अशी गोगलगाय चालवायला? असे गेलो तर संध्याकाळ होईल, मासळी संपेल, मग काय मीठ खायचं?"

जोमाशेठनी वेग तिळभर वाढवला नाही. समोर बघत, मिशीतल्या मिशीत हसत ते म्हणाले, "बोला, बोला. आजून बोला."

मग मीही सोडतो काय! उरण येईपर्यंत मी त्यांच्याशी भांडत होतो.